सिंधू करायची आहे? मग आधी रडणं थांबव

दसरा आटोपला की दरवर्षी एखादी तरी पोरगी घरी येते, नाहीतर फोन करते, की ताई यंदा आमच्या मंडळानं 'एकच प्याला' घेतलं, सिंधू माझ्याकडं आली, आता काय करू. सिंधू म्हणजे दारूपायी घर बुडवणाऱ्या सुधाकर वकिलाची बायको. मी पहिला प्रश्न विचारते, तुला रडता येतं का? ती मोठ्या उत्साहानं हो म्हणते, एकदोघींनी तर तिथंच ओट्यावर बसून करून दाखवलं. मग मी सांगते, छान आहे, आता ते सीझन संपेपर्यंत बंद.

माझी पहिली सिंधू एकोणिसाव्या वर्षी झाली, ब्रह्मपुरीकडच्या एका गावात, मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या रात्री. मी पहिल्या अंकापासून रडली. तिसऱ्या अंकापर्यंत आवाज बसला, नाक चोंदलं, काजळ गालावर आलं, आणि पाचव्या अंकात जिथं खरं काम होतं तिथं माझ्याजवळ काहीच उरलं नव्हतं. पहाटे मंडपाबाहेर पडताना समोरच बसलेली एक बुढी म्हणाली, "पोरी, सारं तूच रडून घेतलं, आमच्यासाठी काई ठेवलंच नाई." शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

तेव्हापासून मी ही भूमिका दोनदा केली आणि काही पोरींकडून करून घेतली, त्यातून जे हाताला लागलं ते इथं लिहिते. शहरातल्या हॉलसाठी यातलं अर्धं चालणार नाही, हे आपल्या झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या मंडपासाठी आहे, जिथं नाटक रात्री दहाला सुरू होतं आणि कोंबडं आरवल्यावर संपतं.

पुस्तक आधी, झेरॉक्स नंतर

मंडळाकडं जी झेरॉक्स फिरते ती कोणीतरी वीस वर्षांपूर्वी कापलेली असते, त्यात सिंधूचं अर्धं काम उडालेलं असतं आणि सुधाकरला दारू लावणाऱ्या तळीरामचं डबल झालेलं असतं कारण तळीराम हसवतो. त्यामुळं छापील पुस्तक मिळवा, लायब्ररीत असतंच, आणि पाचही अंक एका बैठकीत वाचा.

हे नाटक लिहिणाऱ्या राम गणेश गडकऱ्यांबद्दल एक गोष्ट आपल्या पोरींना माहीत नसते. हा माणूस गेला तो आपल्या विदर्भात, सावनेरला, २३ जानेवारी १९१९ ला, वय फक्त ३३. आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीनं बडोद्याला 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग केला, सिंधू केली बालगंधर्वांनी. म्हणजे लिहिणाऱ्यानं आपली सिंधू स्टेजवर पाहिलीच नाही. त्यातली पदंसुद्धा गडकऱ्यांची नाहीत, वि. सी. गुर्जरांची आहेत. हे ऐकायला जनरल नॉलेज वाटतं पण कामाचं आहे, कारण पदं आणि गद्य दोन वेगळ्या हातांची आहेत, त्यांचा वेग वेगळा आहे, आणि गद्य बोलता बोलता गाण्यात शिरताना जो सांधा येतो तो तुम्हालाच लपवायचा आहे.

वाचताना एक वही करा. डाव्या पानावर लिहा की त्या प्रवेशात सिंधूच्या अंगावर काय आहे, घरात काय आहे, शेवटचं कधी जेवली असेल, बाळ कुठं आहे. उजव्या पानावर, ती हातानं काय करतेय. संवाद लिहायचे नाहीत, ते पाठ होतातच. माझ्या वहीत पहिल्या अंकाचं डावं पान भरगच्च आहे, दागिने, माणसं, वकिलाचं घर, आणि चौथ्या अंकाशी आलं की डावं पान कोरं होत जातं आणि उजवं भरत जातं. भूमिका मला तिथं कळली. सुधाकर वकील, कोर्टात बोलून बसतो, सनद जाते, तळीराम एक प्याला पुढं करतो आणि घर खाली यायला लागतं. आणि घर जितकं खाली येतं तितकी सिंधू जास्त कामात असते. तिला रडायला वेळ कुठं आहे?

ती त्याला सोडत काऊन नाही

हा प्रश्न प्रत्येक पोरगी विचारते आणि विचारायलाच पाहिजे. जिला हा प्रश्न पडत नाही तिला मी दोन दिवस सुट्टी देते आणि पुस्तक पुन्हा वाचून ये म्हणते.

"त्या काळात तसंच होतं" हे उत्तर अर्धंच खरं आहे. घटस्फोट हिंदू बाईला देशभर कायद्यानं मिळायला लागला तो १९५५ नंतर, हे बरोबर, पण सिंधूला माहेर आहे. भाऊ पद्माकर पैसेवाला आहे, तो न्यायला येतो. तिच्यासमोर दार उघडं आहे आणि ती जात नाही. वर तिनं नवऱ्याला शब्द दिलाय की दुसऱ्या कोणाचा पैसा घेणार नाही, आणि त्या शब्दापायी ती वकिलाची बायको लोकांचं दळण दळते. म्हणजे ही बिचारी वगैरे नाही, ही हट्टी बाई आहे. तुम्हाला तिचा हट्ट पटायची गरज नाही, मलाही पटत नाही, मी तिच्या जागी असती तर पद्माकरदादाच्या गाडीत सगळ्यात आधी चढली असती. पण स्टेजवर तो हट्ट दिसला पाहिजे. 'कशी या त्यजू पदाला' हे पद नव्याण्णव टक्के पोरी विनवणी म्हणून गातात, मान खाली, हात जोडून. एकदा नकार म्हणून गाऊन पाहा, भावाच्या डोळ्यात डोळे घालून. चाल तीच, सूर तेच, आणि समोरचा पद्माकर गोंधळतो, त्याचं पुढचं वाक्य आपोआप खरं येतं.

आणि गीताकडं लक्ष ठेवा. तळीरामची बायको, तोंडाची फटकळ, ती जे बोलते ते सिंधू बोलत नाही. तालमीत मी दोघींना एकदा भूमिका बदलायला लावते. सिंधूवाली गीता करून आली की तिला कळतं आपण काय काय गिळून बसलोय.

जीभ

आता आपला घरचा प्रॉब्लेम. आपल्याकडं बाया "मी येतो, मी करतो" म्हणतात, मीसुद्धा घरी म्हणतो, इथं टाईप करताना सांभाळून "करते" लिहून रायली. सिंधू "येते, करते" म्हणते. हे बदल पाठांतराच्या पहिल्या दिवसापासून करायचे, नंतर सुधारू म्हटलं तर ऐन रागाच्या वाक्यात "मी जातो" निघतं आणि मागून पोट्टे शिट्टी मारतात.

दुसरं ळ आणि ण. आपल्या बोलीत ळ चा कुठं र होतो, कुठं य होतो, आणि ण तर नच असतो. बोलीत मला काही खोट वाटत नाही, दंडार आणि खडी गंमत ही आपली लोकनाट्यं याच बोलीत रंगतात. पण या भूमिकेतला सगळ्यात महत्त्वाचा शब्दच 'बाळ' आहे हो! तो शब्द ती शंभर वेळा म्हणते. रोज सकाळी गायीला चारा टाकताना, पाणी भरताना, बाळ, दळण, जवळ, डोळे, कपाळ, असे शब्द मोठ्यानं म्हणायचे, जीभ टाळूला मागं लागली पाहिजे. पंधरा दिवसात बसतं.

तिसरं म्हणजे गडकऱ्यांची वाक्यं. अनुप्रास, उपमेवर उपमा, एकेक वाक्य अर्ध्या पानाचं. पेन्सिल घ्या आणि श्वासाच्या जागी तिरपी रेघ मारा, पण स्वल्पविराम पाहून मारू नका, अर्थ पाहून मारा. नियम एवढाच, की वाक्यातला शेवटचा शब्द ऐकू आला पाहिजे, कारण गडकरी मुद्दा शेवटी ठेवतात आणि आपण दम संपून नेमकं शेवटी खाली पडतो. जे वाक्य दहा वेळा म्हणूनही स्वतःला कळत नाही ते दिग्दर्शकाला विचारून कापा. हो, कापा. पण उपमा कापा, कामाचं वाक्य नाही.

जातं

इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

थर्माकोलचं जातं नको म्हणजे नको. गावात प्रत्येक जुन्या घरी मागं कुठंतरी खरं जातं उपडं पडलेलं आहे, ते मागून आणा. आता पोरींनी चक्की पाहिलेली, जातं ओढलेलं नाही, मग स्टेजवर खुंटा असा गोल फिरवतात जसा काही ताक घुसळून रायल्या. आजीकडं जा. एक पाय लांब, एक दुमडलेला, जातं दोन्ही पायांच्या मधे, आणि जोर खांद्यातून येत नाही, कमरेतून येतो, ओढताना अंग थोडं मागं जातं आणि ढकलताना पुढं. पाच मिनिटात हात बदलावासा वाटतो. तो हात कधी बदलायचा ते वहीत लिहून ठेवा, कारण तो बदल म्हणजे तुमचा अभिनय आहे. मी एका पोरीला सांगितलं होतं की बाळ रडल्याचा आवाज येईल तेव्हा हात बदल, थांबू नको. ती थांबली नाही, फक्त हात बदलला आणि मान वळवली, आणि समोर बसलेल्या बायांमधून जो आवाज आला तो मी माझ्या एकाही सिंधूला ऐकला नव्हता.

रिकामं जातं फिरवू नका, दगडावर दगड घासून माईकमध्ये ट्रक गेल्यासारखा आवाज येतो. मूठभर तांदळाची कणी टाकत राहा. जात्याखाली पोतं चार घड्या करून घाला, त्यानं घरघर कमी होते आणि लाकडी तखत हलत नाही. आपल्याकडं माईक वरून लटकलेले असतात, त्यामुळं जातं बरोबर माईकखाली मांडू नका, हातभर बाजूला घ्या आणि तोंड माईककडं येईल असं बसा. हे सगळं तालमीच्या दिवशी खडूनं आखून ठेवा, रात्री पडदा पडल्यावर अंधारात मांडणारी पोरं जातं कुठंही ठेवतात.

दळताना गायचं आहे. इथं सगळ्यात मोठी चूक म्हणजे गाण्यासाठी दळणं हळू करणं. उलट करा, आधी पंधरा दिवस नुसतं दळा, मग गुणगुणा, मग शब्द घाला. पेटीवाल्याला जात्याच्या लयीवर यायला सांगा. तो कुरकुर करेल, करू द्या. बालगंधर्वांची रेकॉर्ड ऐका जरूर, पण ती ऐकून ताना उचलू नका, तो गळा आपला नाही. आपली पट्टी ठरवा, पेटीवाल्याला चिठ्ठीवर लिहून द्या, आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री दोन वाजता, दव पडत असताना, तुमचा गळा दिवसापेक्षा खाली उतरलेला असणार हे धरून चाला. तालीम एकदा तरी त्याच वेळी, बाहेर उघड्यावर करा. प्रयोगाच्या संध्याकाळी तर्री आणि भाजलेले शेंगदाणे बंद, थर्मासमध्ये कोमट पाणी विंगेत.

पाय पाहायचे

दोन वर्षांमागं एक पोरगी होती. सुधाकर पहिल्यांदा पिऊन घरी येतो तो प्रवेश बसवत होतो, मी तिला सांगत होते की दचक, मागं सर, तोंडावर पदर घे. ती करून रायली होती पण अंगात येत नव्हतं. मग हळूच म्हणाली, "ताई, असं नसतं. आधी पाय पाहायचे. पाय सरळ पडले तर ताट वाढायचं. नाही पडले तर आधी लहान्याला आत न्यायचं." मी गप्प बसली. प्रवेश तिच्या म्हणण्याप्रमाणं बसवला, ती सुधाकरच्या तोंडाकडं पाहतच नाही, पायाकडं पाहते आणि मग बाळाचं अंथरूण आतल्या बाजूला ओढते. दचकणं वगैरे काही नाही.

आपल्या भागात ही भूमिका कोणालाही परकी नाही. वर्ध्यात दारूबंदी १९७५ पासून, गडचिरोलीत १९९३ पासून, चंद्रपुरात २०१५ ला झाली आणि २०२१ ला उठली, आणि मोहाची तर बंदी असली काय, नसली काय. म्हणून पोरगी निवडली की दिग्दर्शकानं तिला एकटीत, बाकीच्यांसमोर नाही, एवढंच विचारावं की हे काम तुला झेपेल ना, घरी काही त्रास तर नाही. कारण विचारू नका. आणि "तुझ्या बापाला आठव" असलं काही तालमीत म्हणणारा दिग्दर्शक भेटला तर ते मंडळ सोडा. ती जे स्वतःहून देईल ते घ्यायचं, खणून काढायचं नाही.

लुगडं, दागिने, बाळ

कपड्याचं पटकन सांगते. नऊवारीच, आणि तीन लागतील, चांगली, विटलेली, ठिगळाची. ठिगळ शोभेसाठी खांद्यावर लावतात ते चूक. दळणारी बाई कुठं फाटेल? गुडघ्यावर, मागं बसायच्या जागी, आणि कमरेला जिथं घागर टेकते तिथं. ठिगळं स्वतः बसून शिवा. दागिने प्रवेशागणिक कमी होतील, एकेक, आणि कोणी ते बोलून दाखवायचं नाही, पहिल्या अंकात तिला पाटल्या मागं सारायची सवय ठेवा आणि मग चौथ्या अंकात पाटल्या नसताना तोच हात तसाच वर जाऊ द्या. शेवटच्या अंकात काचेच्या बांगड्या घालू नका, मारामारीत फुटून हात कापतो, प्लॅस्टिकच्या घाला.

बाळ मात्र नीट करा. बहुतेक मंडळात बाहुली नाहीतर टॉवेलची गुंडाळी असते, आणि पोरगी ती काखेत वही धरल्यासारखी धरते. जुन्या लुगड्याची पिशवी शिवा, त्यात पाच किलो वजन भरा, डोक्याच्या जागी वेगळी गाठ बांधा म्हणजे मान लुळी पडते आणि हात आपोआप मानेखाली जातो. वजन असलं की अभिनय करावा लागत नाही, कंबर आपोआप बाजूला जाते, उठताना जमिनीला हात टेकावा लागतो. पहिल्या तालमीपासून तेच बाळ वापरा. आमच्याकडं नियम आहे, त्याला कोणी पायानं सारायचं नाही, उपडं टाकायचं नाही. खरं बाळ फक्त पहिल्या भागात, आई विंगेत उभी असेल तर, तेही आपला आवाज ऐकून रडलं तर पंचाईत. काठीच्या प्रवेशात खरं लेकरू कधीच नाही.

काठी

सुधाकर नशेत काठी चालवतो, बाळ जातं, सिंधूचं डोकं फुटतं. हा प्रवेश भावनेनं बसवू नका, कवायतीसारखा बसवा. काठी आतून पोकळ, वर कापड. दोघांच्या पायाच्या जागा खडूनं आखा, मधलं अंतर काठीच्या लांबीपेक्षा एक हात जास्त. मारण्याआधी सुधाकर थांबतो, सिंधू त्याच्याकडं पाहते, ती नजर म्हणजे सिग्नल, सिंधू तयार नसेल तर तो मारत नाही, संवाद लांबवतो. काठी तिच्या पलीकडं जाते, आवाज विंगेतला माणूस लाकडी फळीवर करतो, आणि पडणं सिंधूच्या ताब्यात, तो तिला ढकलत नाही. रोज दहा वेळा, हळू. प्रयोगाच्या दिवशी संध्याकाळी पुन्हा दोनदा. आणि सुधाकर करणारा स्वतः थोडी घेऊन येणारा असेल, असतात, लाजायचं काय, तर त्या दिवशी प्रवेश करायचा नाही, अंधार करून फक्त आवाज द्यायचा.

रक्तासाठी साखरेच्या पाकात रंग कालवू नका. मी पाचव्या अंकात पंचवीस मिनिटं मरत पडलेली असताना कपाळावर मुंग्या चढल्या होत्या. ग्लिसरीन आणि खायचा लाल रंग, मेडिकलमध्ये ग्लिसरीन मिळतं.

फौजदार

शेवटी ती फौजदाराला सांगते की नवऱ्यानं मारलं नाही, आणि मरते. इथं नव्वद टक्के सिंधू देवी होतात, आवाज गोड, नजर वर, मागं व्हायोलिन. माझं मत वेगळं आहे. ती खोटं बोलून रायली, आणि खोटं बोलणाऱ्या माणसाला समोरच्यानं मानलं की नाही हे पाहावं लागतं. म्हणून नजर फौजदारावर ठेवा. तीन-तीन शब्दांवर श्वास, आणि प्रत्येक तुकड्यानंतर त्याच्या चेहऱ्यावर बघा, पटलं का? अजून एक सांगू का? हे तिचं शेवटचं काम आहे, दळणासारखंच, नीट करून टाकायचं. त्याला पटलं असं दिसलं की मगच सुधाकरकडं पाहायचं. पाणी डोळ्यात आलं तर येऊ द्या, आता परवानगी आहे.

एक अडचण आपल्याकडची खास आहे. या प्रवेशाच्या आधी कंपनी हमखास एक डान्स घुसवते कारण पहाट झालेली असते आणि पब्लिक पेंगत असतं. त्यावर चिडून उपयोग नाही, बुकिंग त्यावर असतं. मी पोरींना सांगते, डान्स चालू असताना विंगेत बाळ मांडीवर घेऊन खाली बसा, मोबाईल नाही, गप्पा नाही. पडदा उघडला की घाईनं बोलू नका. शिट्ट्या थांबेपर्यंत पडून राहा, कितीही वेळ. थांबतात.

प्रयोग झाला की तोंड लगेच धुवा, ग्लिसरीन सुकलं की कातडी ओढते. लुगड्याची ठिगळं उसवू नका, पुढच्या गावी लागतील. सीझन संपल्यावर मात्र बाळ उसवून ठेवा. बाळात काय भरायचं ते मुद्दाम शेवटासाठी ठेवलं होतं. पहिल्या वर्षी मी तांदूळ भरले होते, घरचेच, पाच किलो, उंदीर लागतील म्हणून शेवटच्या प्रयोगानंतर आईनं पिशवी उसवली आणि संध्याकाळी त्यातलाच भात टाकला. सगळे जेवले. मी ताटावर बसली आणि उठली. त्या वर्षीपासून वैनगंगेची रेती भरतो, चाळून, दुहेरी शिवण मारून, नाहीतर स्टेजभर सांडते.